सुई बदला, माणूस टाकू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर, बाबासाहेबांच्या कार्यावर, मुलांच्या शिक्षणावर व्याख्याने होतात. ती झालीच पाहिजेत. यंदा कमिटीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मला सुईवर बोलायचे आहे. कपडे शिवायच्या नव्हे, नशेचे इंजेक्शन घ्यायच्या सुईवर. आपली तरणीताठी पोरं ती सुई एकमेकांची वापरतात आणि तिच्यातून कोणते रोग अंगात शिरतात, यावर. हे ऐकून दोघा-तिघांनी नाक मुरडले. “अहो, आपण पाचवे शील घेणारी माणसं, विहारात हा विषय कशाला?” माझे म्हणणे उलटे आहे. पाचवे शील आपण दर वंदनेला घेतो, म्हणूनच हा विषय इथे निघाला पाहिजे. शील मी माझ्यासाठी घेतो. दुसऱ्याचं मोडलं म्हणून त्याला उंबऱ्याबाहेर काढायचा परवाना मला त्यातून मिळत नाही.

मी डॉक्टर नाही. गिरणीच्या रिंग खात्यात राबलेला माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झालं. पण या कामात काही वर्षे फिरलो, डॉक्टरांची व्याख्याने ऐकली, सरकारी अहवाल वाचले, पोरांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो. त्यातले जे पक्के ठाऊक आहे तेवढेच सांगतो.

प्रथम ही सुई आपल्यापर्यंत आली कशी ते पाहू. १९८० नंतरच्या काळात मुंबईत गर्द नावाची पावडर पसरली. इंग्रजीत तिला ब्राऊन शुगर म्हणतात, म्हणजे अफूपासून काढलेले अशुद्ध हेरॉईन. चांदीच्या पन्नीवर पावडर ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. त्याच काळात, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपामुळे गर्द आली असे मी म्हणत नाही. पण ज्या घरातला पगार थांबला, ज्या पोराला बापाच्या जागी बदलीचं काम मिळायचं होतं ते मिळालं नाही, त्या पोराला पुडी दाखवणारे लोक नाक्यावर उभेच होते. महाराष्ट्रभर हा प्रश्न इतका पेटला की पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. ‘गर्दुल्ला’ हा शब्द याच काळात आपल्या तोंडी बसला. शब्द बसला आणि त्या शब्दामागचा माणूस आपल्याला दिसेनासा झाला.

धुरापासून सुईपर्यंतची वाट फार लांब नसते. धुरात माल वाया जातो, सुईने थोडक्यात भागते. पुडी महाग झाली किंवा मिळेनाशी झाली की पोरगा दुखण्याची आणि झोपेची औषधे मिसळून शिरेत घ्यायला लागतो. कारण नशा उतरली की टर्की लागते. अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, उलट्या-जुलाब होतात. त्या वेळी तो मजेसाठी सुई घेत नसतो, तो त्रास थांबावा म्हणून घेत असतो. आईबापांनी हे नीट समजून घ्यावे, कारण “एवढं समजावलं तरी ऐकत नाही” या वाक्याचं उत्तर इथे आहे.

हे किती पोरांचं आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशव्यापी पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात देशात सुमारे साडेआठ लाख लोक नशेची इंजेक्शने घेतात असा अंदाज दिला आहे. ज्या राज्यांत ही संख्या मोठी आहे त्यांच्या यादीत पंजाब, दिल्ली, मणिपूर यांच्याबरोबर आपला महाराष्ट्रही आहे. तेव्हा हा प्रश्न लांबच्या लोकांचा आहे, आपल्या जोगेश्वरीत तो येणार नाही, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आज एमडी नावाची पावडर कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचली आहे. ती बहुतेक नाकाने ओढतात, पण ओढायची नळी जरी एकमेकांची वापरली तरी नाकातल्या बारीक जखमेतून रक्त लागू शकते.

आता मुख्य गोष्ट. सुई शिरेत गेली की पोरगा आधी दट्ट्या थोडा मागे ओढतो. सिरिंजमध्ये रक्त आलं म्हणजे शीर सापडली. मग औषध आत ढकलतो. ढकलून झालं तरी सुईच्या नळीत आणि सिरिंजच्या टोकाशी थेंबभर रक्त राहतं. ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. तीच सिरिंज दुसऱ्याने घेतली की पहिल्याचे रक्त सरळ दुसऱ्याच्या शिरेत जाते. नुसती सुईच नव्हे. ज्या चमच्यात किंवा झाकणात औषध विरघळवतात ते झाकण, गाळायचा कापूस, धुवायचं पाणी, हे सगळं एकत्र वापरलं तरी तोच धोका. पाण्याने खळखळून धुतली म्हणजे झाली स्वच्छ, ही चुकीची समजूत आहे.

या थेंबातून तीन मोठे विषाणू जातात.

पहिला एच.आय.व्ही. हा सर्वांना नावाने ठाऊक आहे. शरीराची रोगाशी लढायची ताकद तो हळूहळू मोडतो. सर्वसाधारण भारतीय प्रौढांत १००० मागे सुमारे २ जणांना त्याची लागण आहे. इंजेक्शनची नशा करणाऱ्यांत सरकारच्या २०२१ च्या पाहणीत १०० मागे सुमारे ९ जणांना आढळली. हजारी दोन आणि शेकडा नऊ, हिशेब आपणच करा.

दुसरा हेपॅटायटिस सी. आपण कावीळ म्हणतो तो यकृताचा आजार, पण ही पाण्यातून येणारी आणि पथ्याने उतरणारी कावीळ नव्हे. हा रक्तातून येतो. सुरुवातीला बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, काहीच कळत नाही. दहांतल्या सुमारे तिघांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. उरलेल्या सातांच्या लिव्हरमध्ये तो ठाण मांडून बसतो. वीस वर्षांत त्यांतल्या काहींचे लिव्हर आक्रसून दगडासारखे होते, त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात, आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो. म्हणजे विसाव्या वर्षी घेतलेली सुई चाळिसाव्या वर्षी घरातला कर्ता माणूस नेते. तोपर्यंत त्याने नशा कधीच सोडलेली असते, लग्न झालेलं असतं, पोरं शाळेत असतात. हा विषाणू फार चिवट आहे. प्रयोगशाळेत तपासले तेव्हा वापरलेल्या सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडला. जगात नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या अंगात हेपॅटायटिस सी आहे असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

तिसरा हेपॅटायटिस बी. हाही यकृताचाच. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. याला लस आहे. २०११ पर्यंत ती लस देशभर सरकारी बाळ-लसीकरणात आली. त्याआधी जन्मलेल्या तरुणांना ती मिळाली असेलच असे नाही.

एका गोष्टीकडे लक्ष द्या. या तिन्ही रोगांचे मूळ पावडरीत नाही. पावडर शरीराची, मनाची आणि घराची नासाडी करते, त्यात शंकाच नाही. पण विषाणू येतो तो दुसऱ्याच्या वापरलेल्या सुईतून. नशा सुटायला वर्षे लागतात, कधी चार-पाच वेळा सुटून पुन्हा लागते. सुई मात्र आज बदलता येते. जो पोरगा आज नशा सोडू शकत नाही, तो आज दुसऱ्याची सुई टाळू शकतो. मग तीन वर्षांनी जेव्हा तो खरोखर सुटेल तेव्हा लिव्हर धड असलेला, निरोगी माणूस म्हणून घरी येईल.

मी गिरणीतला माणूस, म्हणून गिरणीतला दाखला देतो. जुन्या काळी कापड विणताना धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागे. त्यासाठी विणकर भोकाला तोंड लावून सूत ओढून घेई. तोच धोटा पुढच्या पाळीचा कामगारही तोंडाला लावी. यातून क्षयासारखे रोग पसरतात अशी ओरड परदेशात झाली, आणि अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९११ साली अशा धोट्यावर कायद्याने बंदी आली. हाताने सूत ओवता येईल असे धोटे निघाले. म्हणजे त्यांनी काय केलं? अवजार बदललं.

आपल्या मुंबईत त्याच धोट्यावरून काय झालं, ते आपल्या आजोबांच्या पिढीने भोगलं आहे. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नाही. कारण काय, तर त्याने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड कसे लावणार? म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला आणि विणकाम खाते आपल्या लोकांना खुले करा अशी मागणी लावून धरली. एकाने अवजारातला रोग ओळखला आणि अवजार बदलले. दुसऱ्याने माणसालाच रोग ठरवले आणि बाहेर ठेवले. बाहेर ठेवून क्षय कमी झाला का? धोटा तोच, तोंडाला लावणं तेच. फक्त अपमान वाढला.

आज सुईच्या बाबतीत आपल्यासमोर हेच दोन रस्ते आहेत. ज्यांच्या वाडवडिलांनी तो धोट्याचा अपमान सोसला, त्यांनी तरी दुसरा रस्ता धरू नये.

आता कोणी विचारील, मग काय करायचं? तर शासनाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातून संस्थांचे कार्यकर्ते अशा पोरांना नवी सुई-सिरिंज देतात, वापरलेली परत घेतात, तपासणीला नेतात. मुंबईत ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ ही संस्था १९९५ पासून रस्त्यावरच्या व्यसनी लोकांत हे काम करते आहे. यावर आपल्या लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. “म्हणजे नशा करायला सामान पुरवता? उद्या दारूची बाटलीही वाटाल!” आक्षेप मनापासून असतो, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरो नावाचे शहर आहे. १९८० नंतर तिथेही हेरॉईन पसरले. तिथल्या पोलिसांनी आपल्यासारखाच विचार केला. सिरिंज सापडली की जप्त, दुकानात विक्री बंद. नशा थांबली का? नाही. वीस-वीस पोरं एका खोलीत बसून एकच सिरिंज फिरवायला लागली. १९८६ साली तिथल्या डॉक्टरांनी आपल्या १६४ व्यसनी रुग्णांचे रक्त तपासले तर निम्म्याहून अधिकांना एच.आय.व्ही. निघाला. जवळच्या ग्लासगो शहरात सिरिंज मिळत होत्या, तिथे हे प्रमाण कितीतरी कमी होते. १९८७ पासून एडिंबरोत सुया बदलून द्यायला सुरुवात झाली, पर्यायी औषध सुरू झाले, आणि नवी लागण उतरत गेली.

आपल्या देशातले उदाहरण मणिपूरचे. १९८९ च्या अखेरीस तिथे इंजेक्शन घेणाऱ्या तरुणांत एच.आय.व्ही. पहिल्यांदा सापडला आणि वर्षभराच्या आत तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांत पोचला. आग लागावी तसा. त्या धक्क्यातून देशात या कामाला सुरुवात झाली. आज सुया देणे हे सरकारचे धोरण आहे. एवढेच नव्हे, एच.आय.व्ही. आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्याच्या २२ व्या कलमात लागण टाळण्यासाठी नवी सुई देणे हा गुन्हा नाही असे म्हटले आहे. तेव्हा आपल्या गल्लीच्या तोंडाशी असा कार्यकर्ता पिशवी घेऊन उभा दिसला तर त्याची कॉलर धरू नका. तो पावडर विकत नाही, आपल्या पोराचे लिव्हर वाचवतो आहे.

सुईबरोबर दुसरीही सोय आहे. शासकीय केंद्रात जिभेखाली ठेवायची गोळी रोज समोर बसवून देतात, फुकट. तिने टर्की लागत नाही, शिरेत काही टोचावे लागत नाही, पोरगा कामाला जाऊ शकतो. काही लोक म्हणतात, ही एक नशा सोडून दुसरी. मी म्हणतो, साखरेच्या रोग्याला रोज इन्शुलिन देतो तेव्हा आपण त्याला नावे ठेवतो का?

आता उपचारांचे सांगतो, कारण “लागण झाली, संपलं सगळं” असे समजून पोरं तपासणीलाच जात नाहीत. एच.आय.व्ही.ची औषधे १ एप्रिल २००४ पासून देशात मोफत सुरू झाली, पहिल्या आठ केंद्रांत आपले जे. जे. रुग्णालय होते. रोज गोळी घेणारा माणूस वर्षानुवर्षे कामधंदा करून जगतो.

हेपॅटायटिस सी ची कथा तर लढाईची आहे. पूर्वी त्यावर दर आठवड्याला टोचायचे एक इंजेक्शन होते, सहा महिने ते वर्षभर. रोश या परदेशी कंपनीला २००६ साली भारतात त्याचे पेटंट मिळाले. सहा महिन्यांच्या उपचाराला चार लाखांच्या वर रुपये लागत. फुटपाथवरच्या पोराने चार लाख कुठून आणायचे? तेव्हा या पेटंटला हरकत कोणी घेतली? मघाशी नाव घेतलेल्या आपल्या मुंबईच्या ‘संकल्प’ने. गर्दुल्ल्यांमध्ये काम करणारी संस्था एवढ्या मोठ्या कंपनीसमोर उभी राहिली. २००९ साली हरकत फेटाळली गेली. त्यांनी अपील केले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या वेळच्या अपील मंडळाने ते पेटंट रद्द केले. ज्यांना आपण समाजाचा कचरा म्हणतो, त्यांच्या बाजूने केलेल्या लढाईचा फायदा देशातल्या प्रत्येक रुग्णाला होणार होता.

पुढे गोळ्या निघाल्या. अमेरिकेत २०१३ अखेर नवी गोळी आली तेव्हा एका गोळीची किंमत १००० डॉलर, बारा आठवड्यांचा खर्च ८४,००० डॉलर! २०१४ साली भारतीय कंपन्यांना ती बनवायचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी मोफत, गोळ्या मोफत. बहुतेकांना बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस, गोळ्या घ्याव्या लागतात. लिव्हर जास्त खराब असेल तर अधिक काळ. १०० पैकी ९५ हून अधिक लोक पूर्ण बरे होतात. दाबून ठेवलेला नव्हे, गेलेला आजार. फक्त एवढे लक्षात ठेवायचे की पुन्हा दुसऱ्याची सुई घेतली तर पुन्हा लागण होऊ शकते, आणि याला लस नाही.

तपासणीबद्दल एक बारकावा. पहिल्या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आले म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला एवढेच कळते. तो आज अंगात आहे की नाही हे दुसऱ्या, विषाणू मोजायच्या चाचणीत कळते. पहिल्याच कागदावर रडत बसू नये आणि पहिल्या कागदावर थांबूही नये.

एका पोराबरोबर मी तपासणीला गेलो होतो. कोणता दवाखाना ते महत्त्वाचे नाही. खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि भरल्या रांगेत मोठ्याने विचारले, “सुई मारतो का रे?” सगळ्या माना वळल्या. पोरगा खाली मान घालून निघून गेला. त्याला परत रांगेत आणायला मला तीन महिने लागले. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला बसवून, “बाळा, जेवलास का?” असे विचारून मग रक्त घेतले. तो ८४ दिवस चुकला नाही. आज तो बरा आहे. नशा? एकदा सुटली, पुन्हा लागली, आता परत सोडायच्या मार्गावर आहे. पण लिव्हर वाचलं. एक वाक्य माणसाला तीन महिने लांब नेतं, एक वाक्य जवळ आणतं. आणि त्या खिडकीवरच्या माणसासारखं बोलणारे आपल्या प्रत्येक चाळीत चार आहेत.

त्याच पोराची आई मला म्हणाली, “दादा, त्याची ताट-वाटी वेगळी ठेवू का? धाकटीला काही होणार नाही ना?” माऊलीचा प्रश्न बरोबर होता, म्हणून सर्वांसाठी उत्तर देतो. हे तिन्ही विषाणू एका ताटात जेवल्याने, एका ग्लासाने पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, एका संडासाने, डासाने पसरत नाहीत. ताट वेगळं करू नका. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि दात घासायचा ब्रश, कारण त्यांना रक्त लागतं. जत्रेत एकाच सुईने गोंदणाऱ्याकडून गोंदून घेऊ नका, न्हाव्याकडे नवे ब्लेड मागून घ्या. हे तर नशा न करणाऱ्यालाही लागू आहे. घरातल्या लोकांनी हेपॅटायटिस बी ची लस घ्यावी.

अमिताभ बच्चन यांना १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणात इजा झाली, तेव्हा दिलेल्या रक्तातून हेपॅटायटिस बी ची लागण झाली आणि पाऊण लिव्हर निकामी झाले, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. त्यांच्याविषयी आपल्याला हळहळ वाटते, ती योग्यच आहे. तशाच विषाणूची लागण आपल्या गल्लीतल्या पोराला झाली की आपण म्हणतो, “भोग आता कर्माची फळं!” विषाणूला कर्म कळत नाही. त्याला रक्त मिळालं की पुरे.

आजारी भिक्खूची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. अतिसाराने पडलेल्या त्या भिक्खूकडे बाकीचे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगून स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. त्याचे शील तपासून मग पाणी ओतले, असे त्या गोष्टीत कुठेही नाही.

आता कामाचे बोलतो. विहार, महिला मंडळ आणि तरुणांनी मिळून करण्यासारख्या पाच गोष्टी आहेत.

एक. घरात असा पोरगा असेल तर त्याला बाहेर काढू नका. बाहेर काढलेला पोरगा स्टेशनच्या पुलाखाली दहा जणांत जातो आणि तिथे सुई एकच असते. घरात जेवतो, झोपतो, त्याच्याशी बोलता येतं.

दोन. तपासणी. एच.आय.व्ही.ची तपासणी सरकारी आणि पालिका रुग्णालयांतल्या केंद्रांत मोफत होते. त्यासाठी संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथेच हेपॅटायटिस बी आणि सी ची चाचणी कुठे होईल तेही विचारा, मागून घ्या. एच.आय.व्ही.च्या माहितीसाठी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे सरकारचे फोन क्रमांक आहेत. पूर्वी कधी, अगदी एकदाच, दुसऱ्याची सुई घेतली असेल आणि आज नशा सुटून दहा वर्षे झाली असतील, त्यानेही तपासून घ्यावे. त्याचीच गरज जास्त आहे.

तीन. औषधाच्या दुकानदारांना भेटून विनंती करायची की नवी सिरिंज मागायला आलेल्याला हाकलू नका. हाकललेला पोरगा नशा सोडून घरी जात नाही, तो कचऱ्यातली सुई उचलतो.

चार. आपल्यातले कितीतरी बंधू-भगिनी महापालिकेच्या सफाई खात्यात आहेत. नाल्यात, कचऱ्यात पडलेली सुई पहिल्यांदा त्यांच्या हातात शिरते. सुई कधी हाताने उचलू नका, चिमटा किंवा चिपाट वापरा, जाड डब्यात टाका. टोचलीच तर जखम पिळू नका, तोंडाने चोखू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच मोठ्या रुग्णालयात जा. एच.आय.व्ही. टाळायची गोळी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची असते. सफाईच्या प्रत्येक कामगाराला हेपॅटायटिस बी ची लस मिळाली का, हे युनियनने विचारले पाहिजे.

पाच. पोलिसांची भीती. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक आहे, पण त्याच कायद्यात ६४-अ कलम आहे. नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याबद्दल आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने उपचार पूर्ण केला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. ही माहिती आपल्या वकील बांधवांनी वस्तीत सांगावी. माल विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि नसावीच. त्याच्याविरुद्ध तक्रार करायला मी पहिला येईन.

वडाळ्याला ॲकवर्थ रुग्णालयाच्या आवारात मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय आहे. ते रुग्णालय १८९० साली महारोग्यांसाठी उभे राहिले. एका काळी ज्यांची सावली लोक टाळत, त्या महारोगाला आज गोळ्या आहेत, रोगी बरा होतो, घरी राहतो. औषध आले तरी मनातली भिंत पडायला मात्र फार काळ गेला. हेपॅटायटिस सी ची औषधे आली आहेत, फुकट आहेत. आता आपली भिंत किती वर्षे उभी ठेवायची, ते आपण ठरवायचे आहे.

कमिटीला माझी एक विनंती आहे. येत्या २८ जुलैला, जागतिक हेपॅटायटिस दिनी, या विहारात रक्ततपासणीचे शिबीर पालिकेच्या मदतीने भरवावे. शिबीर सर्वांसाठी असावे, म्हणजे आलेल्यावर कोणी बोट दाखवणार नाही. पहिला हात मी पुढे करीन, दुसरा अध्यक्ष साहेबांनी करावा. मागच्या ओळीत एखादा पोरगा भिंतीला टेकून उभा असेल, तो तिसरा येईल. त्याला त्या दिवशी कोणी काही विचारू नका. फक्त बसायला जागा द्या.